ओवा खा, बरं वाटेल

६ जाने. ९७, सोम.

शेवटी डॉ. प्रधानबाईंकडे गेले. पाच दिवस पोट साफ नाही, त्यात आज सकाळी रक्त दिसलं. बाईंनी तपासलं. मूळव्याधीची सुरुवात आहे, एवढं घाबरू नका म्हणाल्या. मग विचारलं, "दिवसभरात खाता काय तुम्ही?"

सांगितलं. सकाळी चहा-टोस्ट. डब्यात मऊ भात नि वरण. संध्याकाळी मुगाची खिचडी, नाहीतर रव्याची खीर.

"अहो, हे पेशंटचं जेवण झालं."

खरंच आहे. आईला चौदा महिने हेच चालत होतं. दोघींसाठी दोन स्वयंपाक कशाला, म्हणून मीही तेच खायचे. आई जाऊन आता तीन महिने होतील. मी अजून तेच खातेय, हे आज बाईंनी विचारलं तेव्हा लक्षात आलं.

कागदावर लिहून दिलं. गव्हाचा कोंडा, पालेभाजी, मोडाची उसळ, भाकरी, पेरू, काकडी सालासकट. पाणी भरपूर. अजूनही काही सांगत होत्या, पण बाहेर पेशंट खोळंबले होते, मी उठले.

उद्यापासून सगळं सुरू. अर्धवट काही करायचं नाही.


७ जाने.

गिरणीत कोंडा मागितला. गिरणीवाला म्हणाला, "ताई, गाय घेतली काय?" मलाच खायचाय म्हटल्यावर माझ्याकडे एकदा बघितलं आणि चाळून स्वच्छ दिला. येताना मेथी, मटकी, किलोभर पेरू, ज्वारीचं पीठ.

भाकऱ्या थापल्या. तीन मोडल्या, चौथी बरी. हाताची सवय गेलीय.


८ जाने.

सकाळी ताकातून कोंडा, तीन मोठे चमचे. डब्यात भाकरी, मेथी, काकडी, गाजर. चारला पेरू. संध्याकाळी उसळ दोन वाट्या, परत भाकरी. जबडा दुखतोय. वर्षभर काही चावलंच नव्हतं म्हणायचं.

लता (ऑफिसात शेजारच्या टायपिंग मशीनवर बसते) डबा बघून म्हणाली, "आज काय विशेष?" म्हटलं, डॉक्टर.


१० जाने., शुक्र.

पोट साफ. हलकं वाटलं.

पण दुपारपासून गुडगुड. आमच्या टायपिंगच्या खोलीत पाच मशीनं. ती चालू असतात तोवर ठीक. चारला चहा येतो तेव्हा सगळी एकदम थांबतात. नेमका तेव्हा माझ्या पोटातून इतका लांब आवाज आला की लतानं टेबलाखाली वाकून बघितलं, मांजर शिरलंय का म्हणून. मग मीही वाकून बघितलं.


१२ जाने., रवि.

पोट फुगलंय. जेवलं की ढोल. परकराची नाडी नेहमीच्या जागी बांधवत नाही. वारा धरतो, मग एकदम सरतो. घरात एकटं असण्याचा हा एक फायदा, लाजायचं कोणाला?

दहाच्या आत पिशवी घेऊन बाजारात गेले. दहाला दादाचा फोन येतो, नाशिकहून, दर रविवारी. आमच्याकडे फोन नाही, समोरच्या कांबळे वहिनींकडे येतो. हा चौथा रविवार, मी त्या वेळेला घरात नसते.

बाजारात घेण्यासारखं काही नव्हतं. कोथिंबीर घेतली.


१३ जाने.

भोगी. आपल्याकडे यंदा काही करायचं नाही. लतानं डबा आणला होता, तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि ती भाजी. घेवडा, पावटे, ओले हरभरे, वांगं, गाजर. डॉक्टरांच्या कागदावर जे जे आहे ते सगळं एका भाजीत. भरपूर खाल्लं. इतकं चवीचं कधी खाल्लं होतं, आठवत नाही.

संध्याकाळी स्टेशनवरून घरापर्यंत पदर पुढे ओढून चालले. पोट पुढे, मी मागे.


१४ जाने., मंगळ.

लिहू नको म्हणतेय, पण.

दोन वर्षांपूर्वी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आई पहिल्यांदा म्हणाली होती. ओट्याशी उभी होती. "सुमे, पोट फुगल्यासारखं वाटतंय बघ. दोन घास खाल्ले की भरतं." मी ऑफिसला निघाले होते. म्हटलं, काल पावटे खाल्लेस, दुसरं काय होणार. ओवा खा, बरं वाटेल.

तिनं खाल्ला.


१७ जाने., शुक्र.

शिवणाच्या डब्यातली टेप काढली. आजपासून पोटाचा घेर मोजायचं ठरवलं. सकाळी उठल्यावर ३२. संध्याकाळी जेवणानंतर ३४॥. अडीच इंच.

कोंडा चार चमचे केलाय. आतलं सगळं साफ झालं की फुगणार नाही, असा हिशोब.


१९ जाने., रवि.

सकाळी ३२॥, संध्याकाळी ३५. डाव्या बाजूला टोचतं, मग उजवीकडे जातं.

आई महिन्या-दोन महिन्यांनी म्हणायची. सारखी नाही. ती सारखं काही म्हणणारी नव्हतीच. होळीला म्हणाली. परत एप्रिलमध्ये, दादाकडे नाशिकला जायच्या आधी. मग जूनमध्ये, पोलक्याचे हूक लागत नाहीत म्हणून. मी म्हटलं, तुझं वजन वाढलंय. आणि तिचे हात बारीक होत चालले होते. ते मला दिसत होते. रोज दिसत होते.

दर वेळी ओवा. एकदा सोडा-लिंबू. एकदा चिडले होते, इन्स्पेक्शनचे दिवस होते, रोज उशीर. म्हटलं, "आई, गॅस सगळ्यांनाच होतो." त्यानंतर दोन महिने ती पोटाचं काही बोलली नाही.

संक्रांत ते ऑगस्ट. सात महिने.


२१ जाने.

भीती वाटते. हे नुसतं लिहिलं तरी बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

आईचं असंच सुरू झालं होतं.


२२ जाने.

कोंडा बंद. उसळ बंद. मऊ भात, वरण, टोस्ट.


२५ जाने., शनि.

सकाळी ३१॥. पोट सपाट. पण तीन दिवस शौचाला नाही आणि खाली परत आग. म्हणजे हे खाल्लं तर ते, ते खाल्लं तर हे.

कुणाही शहाण्या माणसाला कळलं असतं की कोंड्यानं फुगत होतं. मलाही कळतंय. पण आईच्या वेळीही मला सगळं कळतच होतं ना.


२६ जाने., रवि.

सोसायटीच्या झेंड्याला खाली गेले होते. काल संध्याकाळी परत कोंडा सुरू केला, तीन चमचे, वर मटकी. सकाळपर्यंत परत ढोल. पहिल्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "छान मानवलंय हो तुम्हाला. आता जरा मोकळ्या झालात ना."

वाईट हेतूनं नाही म्हणाल्या. हातातला पेढा तसाच घेऊन वर आले.

दहाला बेल वाजली. कांबळे वहिनींचाच आवाज, "ताई, नाशिकचा फोन हाय." मी दाराच्या आत उभी होते. हलले नाही. चप्पल दाराबाहेर होती.


२९ जाने.

आईच्या बाराव्या दिवसाचं लिहून ठेवते. कुठेतरी असू दे.

सगळे जेवून गेले होते. दादा स्वयंपाकघरात पाटावर बसला होता, मी भांडी पुसत होते. तो म्हणाला, "सुमे, आई तुला आधी काही बोलली होती का गं? एवढं पसरेपर्यंत काहीच त्रास नसेल?"

मी म्हटलं, "नाही."

त्यानं मान हलवली. "तशीच होती ती. सांगायचीच नाही."

मी पुढचं भांडं घेतलं.


३१ जाने.

आणि हेही. ऑगस्टमध्ये डॉ. प्रधानबाईंनी आईला विचारलं होतं, "किती दिवसांपासून फुगतंय?" मी शेजारच्या खुर्चीत होते. आईनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "झाले असतील आठ-दहा दिवस."

बाहेर आल्यावर रिक्षात मी तिला विचारलं नाही, असं का सांगितलंस. तीही बोलली नाही. नंतरच्या चौदा महिन्यांत कधीच नाही. रोज तिला भरवत होते, पुसत होते, अंग दाबत होते. बोलायला वेळच वेळ होता.


२ फेब्रु., रवि.

आज पावणेदहाला पिशवी घेऊन दार उघडलं तर कांबळे वहिनी समोरच्या दारात उभ्या. वाटच बघत होत्या.

"ताई, किती वो बाजार करता? एकटं मानूस किती भाजी खाणार?"

मी काहीतरी पुटपुटले.

"तुमचे दादा दर रविवारी विचारतात, बरी हाय ना. मी सांगते, बरी हाय. मला काय म्हाईत बरी हाय का नाय?" मग माझ्या पोटाकडे बघितलं. मी पदराआड हात धरून उभी होते. "दुखतंय?"

"फुगतंय."

"कधीपासनं?"

मला तिथेच जिन्यात रडायला आलं. कांबळे वहिनींनी आत घेतलं, दार लावलं. त्या महाडकडच्या, मिस्टर बंदरात नोकरीला, रविवारीही ड्युटी असते. मला कोरा चहा दिला. एवढंच सांगितलं की आईचं असंच सुरू झालं होतं. बाकीचं सांगितलं नाही.

त्या म्हणाल्या, "मग उद्या दाखवा. आनि तपासनी सांगितली तर मी येनार. रिपोर्ट हातात घिऊन एकट्या कुठं बसनार तुमी?"

दहाला फोन वाजला. त्यांनी उचलला. "हायेत, पन जरा बरं नाय. झोपल्यात." मी सोफ्यावर त्यांच्यासमोर बसलेली. दादाचा आवाज ऐकू येत होता, शब्द नाही.


३ फेब्रु., सोम.

डॉ. प्रधानबाई. पोटावर वाजवून बघितलं. म्हणाल्या, "नव्व्याण्णव टक्के वायू आहे. पण आईचं लक्षात घेता सोनोग्राफी करून टाकू. तुमच्या डोक्यातनंही जाईल."

किती दिवसांपासून, हे त्यांनी विचारलं. तारखेनिशी सांगितलं. दहा जानेवारी.


५ फेब्रु., बुध.

अर्धा दिवस रजा. वाशीला सोनोग्राफी. सकाळपासून पाणी पिऊन पिऊन पोट आणखी टम्म. कांबळे वहिनी इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या, हातात पाण्याची बाटली आणि छत्री. छत्री कशाला, विचारलं नाही.

खिडकीतल्या मुलीनं विचारलं, "बरोबर कोण? नातं काय?"

मी म्हटलं, शेजारी.

"नातेवाईक लागतो."

कांबळे वहिनी म्हणाल्या, "बहीन लिवा. काय बिघडतंय?" मुलीनं लिहिलं.

फॉर्मवर पुढे होतं, घरात कोणाला कॅन्सर? लिहिलं, आई. पुढे वय, आणि कधी लक्षणं सुरू झाली. तिथे पेन थांबलं. जाने. ९५ लिहिलं. हे मी पहिल्यांदा या वहीबाहेर खरं लिहिलं, आणि ते एका अनोळखी मुलीनं स्टेपल करून फाइलमध्ये टाकलं.

आत टेबलावर गार जेल. डॉक्टर तरुण होता. एका जागी बराच वेळ दाबून धरलं. मी छताकडे बघत होते. आईच्या वेळी मी टेबलाशेजारी उभी होते आणि तिच्याकडे न बघता पडद्याकडे बघत होते. ती कुठे बघत होती कोण जाणे.

रिपोर्ट परवा.


६ फेब्रु.

ऑफिसात एकाच पत्राची तीनदा चूक. साहेब बोलले. ३४.


७ फेब्रु., शुक्र.

काही नाही. गर्भाशय, अंडाशय, लिव्हर सगळं ठीक. खाली एक ओळ, आतड्यात वायू भरपूर, त्यामुळे काही भाग नीट दिसला नाही.

डॉ. प्रधानबाई हसल्या. मग विचारलं, "कोंडा किती घेत होतात?"

"तीन मोठे चमचे. नंतर चार."

"पहिल्या दिवसापासून?"

"हो."

"वर उसळ, भाकरी, पेरू?"

"कागदावर होतं."

"कागदावर होतं, पण अर्ध्या चमच्यापासून सुरू करा आणि आठवड्याला एकच गोष्ट वाढवा, असं मी तोंडानं सांगितलं होतं. तुम्ही उठून गेलात. वर्षभर मऊ भातावर राहिलेलं आतडं आहे ते. त्याला सवय नको? एकदम एवढा चोथा आला की तो आत आंबतो, वायू होणारच. आणि पाणी किती पीत होतात?"

पाणी मोजलं नव्हतं. ऑफिसात बाथरूम लांब आहे म्हणून कमीच पिते.

"मग कोंडा पाणी शोषून घट्ट बसणार. आता सगळं बंद करू नका. अर्ध्यावर या. हळू वाढवा. चावून खा. जेवल्यावर चाला. तीन-चार आठवडे जातील."

उठायला हवं होतं. उठले नाही. बाहेर दोनच पेशंट होते.

म्हटलं, "बाई, आईला आठ-दहा दिवस झालेले नव्हते. सात महिने झाले होते. ती मला सांगत होती. मी ओवा देत होते."

त्या थांबल्या. "मला त्या आठ दिवस म्हणाल्या होत्या."

"मला वाचवायला म्हणाली."

 मग मी विचारलं, आधी आणलं असतं तर?

"खोटं सांगू की खरं?"

"खरं."

"सांगता येत नाही, हे खरं. हा आजार लपून वाढतो. सात महिने आधी आला असतात तर कदाचित थोडा लवकर सापडला असता. कदाचित मीच तुम्हाला ओवा दिला असता. पोट फुगतं म्हणून येणाऱ्या शंभर बायकांना मी तेच देते. पण काहीच फरक पडला नसता, असं मी म्हणणार नाही. तेवढं मला माहीत नाही."

तुमची चूक नाही, असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर मी घरी येऊन परत ते सात महिने मोजायला सुरुवात केली असती. आता निदान माहीत नाही एवढं माहीत आहे.

कांबळे वहिनींना रिपोर्ट दाखवला. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, तरी दोन्ही बाजू बघितल्या. म्हणाल्या, "वायू व्हय. मटकी कशी करता तुमी?" सांगितलं. "भिजवलेलं पानी टाकत नाय? तेच आमटीत? मग फुगनारच की. ते पानी झाडाला घाला. मोड येऊ द्या चांगले. आनि फोडनीत हिंग."


१० फेब्रु.

कोंडा अर्धा चमचा. बस्स. सकाळी पपई. डब्यात पोळी आणि दुधी. ऑफिसात पाण्याची बाटली नेली, टेबलावर ठेवली. बाथरूमला चार चकरा. लता म्हणाली, "पाय मोकळे होतायत."

सं. ३३।.


१३ फेब्रु., गुरु.

जेवून चालायला जाते. आमच्या बिल्डिंगमागून स्टेशनच्या रस्त्यानं, मग खाडीच्या बाजूला जिथे वस्ती संपते तिथपर्यंत. उन्हं उतरलेली असतात. बगळे. परत. वीस मिनिटं. सोबतीला कोणी नाही, पण चालताना एकटं वाटत नाही तेवढं. परत येऊन कुलूप उघडताना वाटतं.


१६ फेब्रु., रवि.

दहाला कांबळे वहिनींकडेच बसले होते. फोन मीच घेतला.

दादा म्हणाला, "आहेस होय." मग तब्येत, पोट, रिपोर्ट. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला आधी का नाही कळवलंस?" मी म्हटलं, तसं काही नव्हतं.

तसं काही नव्हतं. पुन्हा तेच. 


१७ फेब्रु.

कोंडा एक चमचा. सोबत मुगाची मोड आलेली उसळ, पाव वाटी, पाणी टाकून. थोडं गुडगुडलं, फुगलं नाही. ३२॥.

मशीनवर लंच टाइममध्ये पत्र टाईप करायला घेतलं. प्रिय दादास. टाईप केल्यावर ऑफिसच्या पत्रासारखं दिसायला लागलं. फाडलं.


२० फेब्रु., गुरु.

हातानं लिहिलं. अंतर्देशीय पुरलं नाही, कागद लागले. संक्रांत, होळी, एप्रिल, जून. काय काय म्हणाली, मी काय काय म्हटलं. आठ-दहा दिवस. बाराव्या दिवशी तू विचारलंस ते. माफ कर असं लिहिलं होतं, मग खोडलं. माफ करायचं की नाही ते त्याचं त्यानं ठरवावं, मी कशाला सांगू?

तुर्भ्याला ऑफिसबाहेरच्या पेटीत टाकलं. टाकल्यावर दोन मिनिटं तिथेच उभी होते. मागून ट्रक हॉर्न देत होता.


२३ फेब्रु., रवि.

फोन आला नाही.

कांबळे वहिनी म्हणाल्या, लाईन खराब आसंल.


२ मार्च, रवि.

याही रविवारी नाही. साडेअकरापर्यंत बसले. वहिनींनी जेवायलाच बसवलं. नाचणीची भाकरी, शेवग्याचा पाला. आग्रह करत नाहीत, वाढतात. पोटाला काही झालं नाही.

वजन सारखंच. सकाळी ३१॥, संध्याकाळी ३२. कोंडा दोन चमचे. रक्त नाही, आग नाही. हे सगळं ज्याला सांगावं असं कोणी नाही, म्हणून इथे.


५ मार्च, बुध.

ऑफिसात आठवलं. आई शेवटी शेवटी मऊ भातही खाईना तेव्हा मी म्हटलं होतं, एक घास, माझ्यासाठी. तिनं खाल्ला होता. ती सगळं खायची, मी दिलेलं.

पोट ठीक.


६ मार्च, गुरु.

संध्याकाळी कांबळे वहिनींनी दार वाजवलं. दादाचा फोन, गुरुवारी. म्हणाला, "पत्र मिळालं. रविवारी येतोय." एवढंच. आवाजावरून काही कळलं नाही. विचारलं, सगळे येताय? "नाही. मी एकटा."


७ मार्च, शुक्र.

महाशिवरात्र. उपास धरला नाही. साबुदाणा नको वाटला. लता म्हणाली, तू तर दर वर्षी करतेस. म्हटलं, आई करायची.


९ मार्च, रवि.

दादा अकराला आला. खांद्याला शबनम, हातात द्राक्षांची पेटी. केस बरेच पांढरे झालेत. पाच महिन्यांत एवढे झाले, की मीच नीट बघितलं नव्हतं.

चहा घेतला. आईच्या फोटोसमोर उभा राहिला. मग सोसायटीतल्या पाण्याचं विचारलं, ऑफिसात कम्प्युटर येणार त्याचं विचारलं, स्वतःच्या रिटायरमेंटचं सांगितलं, चार वर्षं राहिलीत. पत्राचं नाव नाही. मी भाकऱ्या केल्या, एकही मोडली नाही. मटकी, मेथी, काकडी. तो पोटभर जेवला. म्हणाला, "आता तू माणसांसारखं खायला लागलीस." मग आईच्या कॉटवर आडवा झाला आणि खरंच झोपला. मी खुर्चीत बसून होते. त्याचं पोट वर-खाली होत होतं.

चारला उठला. नाशिकची बस हायवेवरून मिळते, मी पोचवायला गेले. वाटेतही काही नाही. बसथांब्यावर पाच-सहा माणसं होती. आम्ही जरा बाजूला उभे राहिलो. आणि बस येणाऱ्या रस्त्याकडे बघत तो म्हणाला, "मे महिन्यात आली होती ना आई, तेव्हा मलाही म्हणाली होती."

मी त्याच्याकडे वळून बघितलं.

"पोट फुगतं म्हणाली. मी हिंगाष्टकाची बाटली आणून दिली. उन्हाळा आहे म्हटलं, होतं असं." मग म्हणाला, "तुला बाराव्या दिवशी विचारलं, ते म्हणूनच विचारलं. तू नाही म्हणालीस, मला बरं वाटलं. म्हटलं, म्हणजे विशेष काही नव्हतं."

बस लांबून दिसली. त्यानं शबनम खांद्यावर सारखी केली. "तब्येत सांभाळ. चालत राहा," म्हणाला, आणि चढला. खिडकी मिळाली नाही, आत उभा होता. मला दिसला नाही.

घरी आले. द्राक्षं धुतली, अर्धी कांबळे वहिनींना दिली.

तेव्हापासून आठवतेय. मेमध्ये आई नाशिकहून आली, तिची पिशवी मीच रिकामी केली होती. चिवडा होता. खणाचे दोन तुकडे होते. काचेची बाटली हाताला लागल्याचं आठवत नाही. पण नव्हती असंही नाही म्हणता येत. आणि नसली तरी तिनं ती तिकडेच संपवली असेल.

दादा लहानपणी खोटं बोलायचा तेव्हा समोर बघायचा नाही. पण काही जड खरं सांगायचं असलं तरीही तो कधी समोर बघत नाही. बाबा गेले ते त्यानंच मला सांगितलं, भिंतीकडे बघून.

बस दिसल्यावर थांब्याशी यायला दोन मिनिटं लागली असतील. खरंच म्हणाली होती, की मला बरं वाटावं म्हणून सांगतोयस, हे विचारता आलं असतं. विचारलं नाही.